ओपन सोर्स प्रोजेक्टचं लायसन्स बदललं, तर आधी काय आणि मग काय

कुठल्यातरी प्रोजेक्टने लायसन्स कडक केलं की मला दोन प्रकारचे फोन येतात. पहिला त्याच रात्री: "सर, आता हे काढून टाकायचं ना?" दुसरा सहा-आठ महिन्यांनी: "आपल्याला तसा काही फरक पडत नाही ना?" दोघांनीही लायसन्सची फाईल उघडलेली नसते. पहिला घाईघाईत चालती सिस्टिम मोडून बसतो. दुसरा अपडेट करत करत नव्या अटींखाली कधी गेला, ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

नाशिकमध्ये आमच्यासारखी चार-आठ माणसांची ऑफिसं बरीच आहेत. अंबड-सातपूरच्या कारखान्यांचं बिलिंग, सिन्नरच्या एखाद्या युनिटचं स्टोअर, पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्ष पॅकहाऊसची लेबलं आणि डिस्पॅच, अशी कामं. आमच्याकडे वकिलांचा विभाग नसतो. असते ती सगळ्यांनी मिळून भरायची आणि कुणीच न भरलेली एक एक्सेल शीट. हा लेख अशा ऑफिसांसाठी आहे.

सुरुवातीला एकच गोष्ट पक्की करून घ्या: लायसन्स प्रोजेक्टला नसतं, आवृत्तीला असतं. रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस) ७.२ बीएसडी या सैल लायसन्सखाली आलं आणि आजही बीएसडीच आहे; कंपनीने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेला बदल ७.४ पासून लागू झाला. टेराफॉर्म (सर्व्हर उभारायचं टूल) १.५ एमपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली आहे, १.६ पासून बिझनेस सोर्स लायसन्स (बीएसएल), ज्यात वापरावर मर्यादा असतात. जुन्या आवृत्तीला दिलेली परवानगी अशा घोषणेने मागे घेतली जात नाही. त्यामुळे रात्री अकरा वाजता काही उपटून टाकायची गरज नसते. गोत्यात आणतो तो अपडेट, आणि बहुतेक वेळा तो आपण न सांगताच झालेला असतो.

## तयारी: बसण्याआधी हाताशी काय हवं

लायसन्स वाचायला बसण्याआधी अर्धा दिवस गोळाबेरजेत घालवा. पहिली गोष्ट, प्रत्येक क्लायंटकडे प्रत्यक्ष चालत असलेली आवृत्ती. कागदावरची नाही, सर्व्हरला विचारून मिळालेली. दुसरी, प्रत्येक रेपोची (कोडच्या साठ्याची) लॉकफाईल, म्हणजे नेमक्या आवृत्त्या लिहून ठेवणारी फाईल. ती कमिट (रेपोत नोंद) केलेली नसेल तर आजच करा; न करणं हा वेगळा गुन्हा आहे. तिसरी, क्लायंटशी झालेला करार किंवा निदान कोटेशन, कारण त्यात "सर्व सॉफ्टवेअर ओपन सोर्स व मोफत" असं वाक्य आपणच कधीतरी लिहिलेलं असतं. चौथी, डेटाचा असा बॅकअप जो तुम्ही कुठेतरी उघडून पाहिलेला आहे. न उघडलेला बॅकअप धरू नका.

तपासणी: या चारपैकी एकही गोष्ट "असेल कुठेतरी" या सदरात असेल, तर पुढे जाऊ नका.

## पायरी १: आवृत्ती गोठवा, बाकी काही करू नका

यात चूक कशी होते ते माझ्याच उदाहरणावरून सांगतो, कारण चूक माझीच होती.

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये आमची लेबल छपाईची सिस्टिम आहे. पेटी वजनकाट्यावर आली की तिचं लेबल रांगेत लागतं, प्रिंटर रांगेतून उचलतो. ही रांग रेडिसमध्ये. डॉकरच्या (तयार इमेजवरून सॉफ्टवेअर वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणाऱ्या टूलच्या) फाईलीत मी इमेजचं नाव लिहिलं होतं "रेडिस:७". नुसतं सात. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या एका पोराने सर्व्हरची साफसफाई करताना इमेज पुन्हा ओढली. तोपर्यंत "७" हा टॅग ७.२ वरून ७.४ वर सरकला होता. सिस्टिम छान चालू झाली, कुणाला काही कळलं नाही. महिन्याभराने त्याने लायसन्सबद्दल कुठेतरी वाचलं, घाबरला, आणि मला न विचारता फाईलीत ७.२ लिहून कंटेनर परत उठवला. रेडिस उठेना. लॉगमध्ये एकच ओळ: आरडीबी फॉरमॅटची आवृत्ती १२ हाताळता येत नाही. ७.४ ने डेटाफाईल नव्या फॉरमॅटमध्ये लिहून ठेवली होती, ७.२ ला ती वाचता येत नाही. शेवटी ७.४ चा कंटेनर बाजूला उठवून, एक स्क्रिप्ट लिहून, एकेक की साध्या कमांडने वाचून जुन्यात भरली. हंगाम नव्हता म्हणून निभावलं. फेब्रुवारीत पेट्या रांगेत उभ्या असताना हे झालं असतं, तर पॅकहाऊसच्या आप्पांनी मला त्याच प्रीकूलिंगमध्ये (द्राक्षं गार करायच्या खोलीत) बसवलं असतं.

आणि गंमत म्हणजे परत यायची गरजच नव्हती. रेडिसच्या नव्या लायसन्सचा रोख रेडिस दुसऱ्यांना सेवा म्हणून विकणाऱ्यांवर आहे. पॅकहाऊस ते स्वतःच्या सर्व्हरवर स्वतःच्या लेबलांसाठी वापरत होतं. म्हणजे आधी न वाचता पुढे गेलो, मग न वाचता मागे आलो.

म्हणून पहिल्या दिवशी काम एकच: आहे तिथे थांबायचं. डॉकर इमेजला पूर्ण आवृत्ती लिहा, तीन आकड्यांची. जमलं तर डायजेस्टही (त्या इमेजचा न बदलणारा ठसा). "लेटेस्ट" हा शब्द सगळ्या फाईलींत शोधा आणि काढा. पॅकेज फाईलीतले टोपी (^) आणि लाटेचे (~) चिन्ह असलेले आवृत्तीचे पट्टे बघा, ते नवी आवृत्ती आपोआप येऊ देतात. सर्व्हरवर बसवताना लॉकफाईलवरूनच बसवा. लिनक्सवर थेट बसवलेलं असेल तर पॅकेज बसवणाऱ्या ॲप्टला ते पॅकेज "होल्ड"वर टाकायला सांगा, नाहीतर रात्रीचा आपोआप अपडेट तुमच्या आधी निर्णय घेऊन टाकतो.

तीन आकडे का, तर मोंगोडीबी या डेटाबेसमुळे. त्यांनी १६ ऑक्टोबर २०१८ ला एजीपीएल हे ओपन सोर्स लायसन्स सोडून एसएसपीएल हे कडक लायसन्स घेतलं (दोन्हींच्या अटी पायरी ३ ला येतात), ते त्या तारखेपासून येणाऱ्या सगळ्या आवृत्त्यांना लागू केलं. जुन्या शाखांच्या किरकोळ दुरुस्त्याही त्यात आल्या. म्हणजे "आम्ही ४.० वरच थांबलोय" असं म्हणणारा दुरुस्ती घेता घेता नव्या लायसन्सखाली गेला.

इशारा: आवृत्ती खाली आणणं म्हणजे गोठवणं नव्हे. डेटा ठेवणाऱ्या कुठल्याही गोष्टीत आवृत्ती उतरवण्याला स्वतंत्र स्थलांतर समजा.

तपासणी: एका रिकाम्या मशिनवर तुमची फाईल चालवा. दोन दिवसांनी परत चालवा. दोन्ही वेळा अगदी तेच आकडे आले, तर गोठलं.

## पायरी २: यादी करा, पार तळापर्यंत

लोक वरवरची यादी करतात: डेटाबेस, वेब सर्व्हर, फ्रेमवर्क. लायसन्सची भानगड बहुतेकदा तिसऱ्या थरात असते. आपण घेतलेल्या लायब्ररीने घेतलेल्या लायब्ररीत. सिफ्ट किंवा ट्रिव्ही यांसारखं टूल इमेजवर चालवा, ते पॅकेज आणि लायसन्स दोन्ही काढून देतं. एनपीएम, पिप, मेवन, नुगेट या पॅकेज मॅनेजरांचंही (लायब्ररी उतरवून बसवणाऱ्या टूल्सचंही) आपापलं झाड दाखवायची सोय आहे.

पण टूल फक्त पॅकेज मॅनेजरमधून आलेलं नीट ओळखतं. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिब फोल्डरमध्ये हाताने चिकटवलेली जार फाईल (जावाची लायब्ररी) त्याला ओळखू येईलच असं नाही. आमच्या भागातल्या जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये अशी एक फाईल हमखास सापडते: पीडीएफ बनवणारी आयटेक्स्ट. डिलिव्हरी चलन असो की टॅक्स इन्व्हॉइस, छापायला हीच. आयटेक्स्ट २.१.७ पर्यंत एलजीपीएल-एमपीएल या तुलनेने सैल लायसन्सखाली होतं. २००९ च्या अखेरीस आलेल्या ५ पासून ते एजीपीएलखाली गेलं, जे वितरणासोबत सोर्सही मागतं. फाईलीचं नाव बऱ्याचदा नुसतं "आयटेक्स्ट", पुढे आकडा नाही. तेव्हा जार झिपसारखी उघडा, आतली मॅनिफेस्ट फाईल बघा, आवृत्ती तिथे असते. २ आहे की ५, यावर पुढचं सगळं ठरतं. ५ निघाली आणि तुमचं सॉफ्टवेअर बंद सोर्सचं असून क्लायंटला विकलेलं असेल, तर विषय गंभीर आहे. जुन्या मोकळ्या कोडवरून निघालेलं ओपनपीडीएफ हा एक रस्ता, कंपनीचं व्यावसायिक लायसन्स हा दुसरा.

टेस्टच्या लायब्ररी "त्या काय, प्रॉडक्शनला जात नाहीत" म्हणून यादीतून वगळू नका. डॉटनेटवाल्यांच्या ओळखीचं फ्लुएंट असर्शन्स जानेवारी २०२५ मध्ये आवृत्ती ८ पासून व्यावसायिक वापरासाठी पैसे मागू लागलं. ७ पूर्वीसारखंच अपाचे या सैल लायसन्सखाली आहे. तिथे प्रश्न तुमचा डेव्हलपर ते वापरतो का एवढाच आहे, ग्राहकाकडे जातं का हा नाही.

यादीत रकाने पाच पुरतात: नाव, नेमकी आवृत्ती, त्या आवृत्तीचं लायसन्स, कुठल्या क्लायंटकडे, कशासाठी. शेवटचा रकाना सगळे रिकामा सोडतात आणि पायरी ४ ला तोच लागतो.

## पायरी ३: काय बदललं ते फाईलीत वाचा, बातमीत नाही

जमीन घेताना आपण सातबारा बघतो आणि शंका आली की फेरफार काढतो. इथेही तसंच. सातबारा म्हणजे तुमच्या आवृत्तीच्या टॅगवरची लायसन्स फाईल. फेरफार म्हणजे त्या फाईलीचा गिटमधला इतिहास. वाचायचा क्रम असा ठेवा:

१. रेपोच्या मुख्य शाखेवर नाही, तुमच्या आवृत्तीच्या टॅगवर जा. मुख्य शाखेवरची फाईल उद्याच्या आवृत्तीची असते.

२. लायसन्स फाईल एकच आहे की फोल्डरगणिक वेगळी, ते पाहा. इलास्टिकसर्च या शोधइंजिनाच्या रेपोमध्ये मुख्य कोड अपाचेखाली असतानाही एक्सपॅकचं (जादा सोयींचं) फोल्डर वेगळ्या लायसन्सखाली होतं. "रेपो अपाचे आहे" हे वाक्य तेव्हाही अर्धंच खरं होतं.

३. फाईल बदलली तो कमिट शोधा आणि तो कुठल्या आवृत्तीपासून प्रसिद्ध झाला ते लिहून ठेवा.

४. मग मजकूर वाचा. पूर्ण. ही लायसन्स वाटतात तेवढी लांब नसतात. इलास्टिक लायसन्स २ तर चहा होईपर्यंत वाचून होतं.

कंपनीच्या प्रश्नोत्तरांच्या पानावर "तुम्ही काळजी करू नका" असं लिहिलेलं असतं. ते पान उपयोगी आहे, पण ते लायसन्स नाही आणि ते उद्या बदलता येतं. त्या पानाची तारखेसह पीडीएफ काढून ठेवा आणि निर्णय मात्र फाईलीवरून घ्या.

वारंवार भेटणाऱ्या चार प्रकारांत काय शोधायचं, ते थोडक्यात. बिझनेस सोर्स लायसन्समध्ये मूळ मजकूर सगळीकडे सारखा, पण वर तीन जागा प्रोजेक्ट भरतं: जादा वापराची परवानगी, बदलाची तारीख, आणि त्या तारखेनंतरचं लायसन्स. मूळ मजकूर प्रॉडक्शनमध्ये वापरायला परवानगी देत नाही. ती देते ती जादा परवानगीची ओळ. म्हणून "बीएसएल आहे" एवढं कळून काहीच कळत नाही. टेराफॉर्मच्या ओळीत प्रॉडक्शन चालतं, फक्त त्यांच्याशी स्पर्धा करणारी सेवा विकता येत नाही, आणि प्रत्येक आवृत्ती चार वर्षांनी एमपीएल होते. अक्का (Akka) या जावा-स्कालाच्या टूलकिटने सप्टेंबर २०२२ मध्ये हेच लायसन्स घेतलं, पण प्रॉडक्शनसाठी कंपनीकडून लायसन्स घ्यायला लावलं. तिथे मुदत तीन वर्षांची, नंतर अपाचे. लायसन्सचं नाव एक, अटी दोन टोकांच्या.

एसएसपीएलचं कलम १३ वाचा. तुम्ही त्या सॉफ्टवेअरची कार्यक्षमता तिसऱ्याला सेवा म्हणून दिलीत, तर ती सेवा चालवणाऱ्या बाकी सगळ्याचा सोर्स, म्हणजे देखरेख, बॅकअप, होस्टिंगचं सॉफ्टवेअरसुद्धा, त्याच लायसन्सखाली खुला करावा लागतो. व्यवहारात याचा अर्थ "सेवा विकू नका" असाच होतो. इलास्टिक लायसन्स २ तीन गोष्टी मना करतं: सेवा म्हणून देणं, लायसन्स कीची यंत्रणा चुकवणं, मालकीच्या सूचना काढणं. एजीपीएलची गोष्ट वेगळी, ते खरंखुरं ओपन सोर्स लायसन्स आहे; बदल करून नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिलंत तर त्यांना सोर्स द्या, एवढं त्याचं म्हणणं. डॅशबोर्ड बनवणारं ग्राफाना २०२१ मध्ये अपाचेवरून एजीपीएलवर गेलं. ते जसंच्या तसं बसवून कारखान्याच्या मशिनांचे डॅशबोर्ड दाखवणाऱ्याला धावपळ करायचं कारण नाही.

इशारा: एकापेक्षा जास्त लायसन्स "यापैकी कुठलंही" अशी दिलेली असतील, तर निवड तुमची आहे. रेडिस ८ ने मे २०२५ मध्ये जुन्या दोन पर्यायांना तिसरा एजीपीएलचा जोडला. तिन्ही पाळायची नसतात, एक निवडून यादीत लिहायचं असतं.

## पायरी ४: आपला वापर कुठल्या खणात बसतो

इथे घाई करू नका, सगळा निकाल याच पायरीवर लागतो. सॉफ्टवेअर तेच असलं तरी चार ठिकाणी चार अर्थ होतात.

पहिला खण: क्लायंट स्वतःच्या मशिनवर, स्वतःच्या कामाला वापरतो. सातपूरचा कारखाना आपल्या स्टोअरची शोधयादी इलास्टिकसर्चवर चालवतो. वर सांगितलेल्या बहुतेक लायसन्सांत इथे काही अडत नाही.

दुसरा: तुम्ही तुमच्या सर्व्हरवर तुमचं ॲप चालवता आणि दहा क्लायंट महिन्याचे पैसे भरून ते वापरतात, डेटाबेस आत लपलेला आहे. लोक सगळ्यात जास्त गोंधळतात ते इथेच. प्रश्न असा विचारा: क्लायंट पैसे कशाचे देतो, माझ्या बिलिंग ॲपचे की डेटाबेसचे? तो डेटाबेसला थेट हात लावू शकतो का? ॲपच्या मागे डेटाबेस असणं आणि डेटाबेस विकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पण रेषा नेहमी जाड नसते. आमच्या ओळखीच्या एका ऑफिसने क्लायंटला "ॲडव्हान्स्ड सर्च" म्हणून शोधइंजिनाचा पत्ता आणि पासवर्डच देऊन टाकला होता, म्हणजे ते नकळत दुसऱ्या खणातून तिसऱ्यात गेले.

तिसरा: तुम्ही तेच सॉफ्टवेअर होस्ट करून, सांभाळून विकता. "आम्ही तुमचा मोंगोडीबी सांभाळतो, आमच्या सर्व्हरवर." नव्या लायसन्सचा नेम नेमका इथेच धरलेला आहे. इथे असाल तर पायरी ५ ला तुमच्याकडे दोनच पर्याय आहेत: कंपनीशी करार किंवा फोर्क, म्हणजे जुन्या मोकळ्या कोडवरून दुसऱ्यांनी पुढे नेलेली वेगळी प्रत.

चौथा: तुम्ही ते तुमच्या उत्पादनात बांधून क्लायंटला देता, सीडीवर, इन्स्टॉलरमध्ये, तयार मशिनमध्ये. इथे "वापर" नसून "वितरण" सुरू होतं आणि कलमं वेगळी लागतात. वरचं आयटेक्स्टचं प्रकरण याच खणातलं.

एकच क्लायंट दोन खणांत असू शकतो. आम्ही यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर खणाचा आकडा लिहितो. दोघांनी वेगवेगळं बसून लिहायचं, मग जुळवायचं. जिथे आकडे जुळत नाहीत तेवढ्याच ओळी घेऊन वकिलाकडे जायचं. चाळीस ओळी घेऊन गेलात तर फी चाळीस ओळींची लागते. आमच्या शेवटच्या यादीत जुळल्या नाहीत अशा तीनच होत्या.

इशारा: "आम्ही लहान आहोत, आम्हाला कोण विचारतंय" हा खण अस्तित्वात नाही. भारतात कॉम्प्युटर प्रोग्रॅम कॉपीराइट कायदा, १९५७ खाली साहित्यकृतीत धरला जातो आणि कायदा ऑफिसात खुर्च्या किती ते मोजत नाही. शिवाय विचारणारा बहुतेकदा मूळ कंपनी नसतेच. तुमच्या क्लायंटचा जर्मनीतला ग्राहक ऑडिटमध्ये विचारतो.

## पायरी ५: निर्णय घ्या आणि त्याला तारीख लावा

पर्याय पाचच: जुन्यावर थांबणं, नव्या अटी मान्य करून पुढे जाणं, फोर्कवर जाणं, पैसे भरणं, दुसरंच काही घेणं. खण पहिला असेल आणि मजकूर आड येत नसेल, तर नव्या अटी मान्य करून पुढे जाणं हा अगदी चांगला निर्णय आहे. तत्त्वाचा राग आला म्हणून चालती गाडी क्लायंटच्या खर्चाने बदलू नका. राग मलाही येतो; त्याचं बिल क्लायंटला लावता येत नाही.

जुन्यावर थांबण्याला शेवटची तारीख हवी. सुरक्षेच्या दुरुस्त्या कुठपर्यंत येणार, त्यावर ती ठरते. टेराफॉर्मवाल्या हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये लायसन्स बदललं तेव्हा एमपीएलच्या जुन्या आवृत्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत देऊ असं सांगितलं होतं. म्हणजे हातात पाच महिनेही नव्हते. तारीख न लावता थांबलेली सिस्टिम दोन वर्षांनी तशीच उघडी पडलेली सापडते.

फोर्क निवडताना तीन गोष्टी बघा: कुणाच्या छत्राखाली आहे, गेल्या सहा महिन्यांत सुरक्षेची दुरुस्ती आली का, आणि तो कुठल्या आवृत्तीवरून फुटला. पहिल्याचा उपयोग असा, की एकाच कंपनीच्या हातातला फोर्क उद्या पुन्हा हेच करू शकतो. व्हॅल्की (रेडिसचा फोर्क) आणि ओपनटोफू (टेराफॉर्मचा) लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहेत. ओपनसर्च हा इलास्टिकसर्चचा फोर्क ॲमेझॉनने काढला, सप्टेंबर २०२४ मध्ये तोही तिथे गेला. नवं काही निवडताना योगदान करणाऱ्यांकडून सगळे हक्क एकाच कंपनीकडे सोपवणारा करार लिहून घेतात का, तेही पाहा. घेत असतील तर किल्ली एका खिशात आहे. मात्र करार नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. बीएसडी-अपाचेसारखी सैल लायसन्स पुढची आवृत्ती कडक अटींखाली काढू देतात.

## पायरी ६: तालीम, मग बदल

फोर्कच्या पानावर "जसंच्या तसं बदला" लिहिलेलं असतं. ते फुटलेल्या आवृत्तीपुरतं खरं असतं, म्हणून वर तिसरा प्रश्न विचारला. व्हॅल्की रेडिस ७.२.४ वरून निघालं, ७.२ वर असाल तर काम सोपं. ७.४ वर गेलेल्यांची डेटाफाईल व्हॅल्की ८ देखील उघडत नाही, त्याच आवृत्ती १२ च्या फॉरमॅटमुळे. आणि रेडिसचं जेसन किंवा सर्च मॉड्यूल वापरत असाल तर तो हिशेब वेगळा धरा. ती मूळ रेडिसच्या बीएसडी कोडचा भाग नव्हती, त्यामुळे फोर्कमध्ये आपोआप येत नाहीत.

ओपनसर्च इलास्टिकसर्च ७.१०.२ वरून निघालं. तिथे सर्व्हर नाही, क्लायंट लायब्ररी दगा देते: इलास्टिकच्या लायब्ररी ७.१४ पासून समोरचा सर्व्हर खरा इलास्टिकच आहे का ते तपासतात आणि नसेल तर काम नाकारतात. आधी सर्व्हर बदलून मग ॲप तपासणाऱ्याला हे चालू दिवशी कळतं. टेराफॉर्मवाल्यांनी ओपनटोफूवर जाताना १.५ वरून जावं आणि आधी स्टेट फाईलीची (काय काय उभारलंय त्याच्या नोंदीची) प्रत काढून ठेवावी; ती फाईल खराब झाली तर सर्व्हर असून नसल्यासारखे.

आमचा क्रम असा असतो:

१. दुसऱ्या मशिनवर खऱ्या डेटाची प्रत घ्या. नमुना डेटा नको; तो नेहमी गुणी असतो.

२. आधी ॲपची क्लायंट लायब्ररी बदलून जुन्याच सर्व्हरवर चालवा, लायब्ररी दोन्हींशी बोलत असेल तर. एका वेळी एकच गोष्ट बदला.

३. मग सर्व्हर बदला. नोंदी मोजा, आधी आणि नंतर. मग दहा नोंदी डोळ्याने बघा, त्यातल्या दोन देवनागरी नावाच्या. "श्री" आणि "ऱ्या" शोधून सापडतात का? शोधइंजिन बदलल्यावर मराठी शोध बिघडलाय हे आकड्यांत दिसत नाही.

४. परतीचा रस्ता लिहून काढा आणि तोही एकदा चालवून बघा. नव्याने लिहिलेला डेटा जुन्याला वाचता येतो का, हा त्यातला पहिला प्रश्न. येत नसेल तर किती तासांच्या आत परत फिरायचं ते आधी ठरवा.

५. दिवस निवडा. पॅकहाऊसला जानेवारी ते एप्रिल हात लावायचा नाही. कारखान्याला मार्चअखेर नाही, आणि जीएसटीच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास तर अजिबात नाही. आम्ही शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये करतो, तेव्हा पॅकहाऊसमध्ये प्रिंटरवर कापड टाकलेलं असतं.

तपासणी: ज्याने तालीम केली नाही त्याला नुसता कागद देऊन परतीचा रस्ता चालवायला सांगा. तो अडला तर कागद अपुरा आहे.

## पायरी ७: कागद पुरा करा

काम झालं की सगळे उठून जातात आणि सहा महिन्यांनी प्रश्न येतो, "आपण हे का बदललं?" म्हणून यादीत आणखी तीन रकाने भरा: निर्णय, तारीख, कुणी वाचलं. ज्या आवृत्तीवर निर्णय घेतला तिची लायसन्स फाईल उतरवून रेपोमध्ये ठेवा. बीएसडी, अपाचे, एमपीएल यांच्या मूळ सूचना वितरणासोबत द्याव्या लागतात, फोर्कवर गेल्यावरही. त्या फाईली साफसफाईत उडवू नका.

करारात "सर्व ओपन सोर्स" असं वाक्य असेल आणि तुम्ही एसएसपीएल किंवा बीएसएलच्या आवृत्तीवर राहणार असाल, तर ते वाक्य आता खरं नाही. ओपन सोर्स कशाला म्हणायचं ते ठरवणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या मंजूर यादीत ही दोन्ही नाहीत. टेंडरमध्ये तशी अट असेल तर हे आधीच सांगा, नंतर नको.

क्लायंटला पत्र छोटं लिहा. आमचं पिंपळगावचं असं होतं: "आपल्या लेबल सिस्टिममधील रेडिस या घटकाचं लायसन्स ७.४ आवृत्तीपासून बदललं आहे. आपण ७.२ वर आहोत, आजच्या वापरावर परिणाम नाही. हंगामानंतर व्हॅल्की या घटकावर जाण्याचा आमचा विचार आहे; अंदाजे चार तास सिस्टिम बंद राहील. डेटाची प्रत आदल्या दिवशी आपल्यासमोर काढली जाईल." खाली आवृत्त्यांची यादी जोडली. आप्पांनी पत्र वाचून एकच दुरुस्ती सुचवली: चार तास सकाळचे नकोत, दुपारच्या जेवणानंतरचे घ्या. ती आम्ही हाताने लिहून त्यांची सही घेतली.